तुम्ही विचारलंत म्हणून : फ्रान्सला न जाता फ्रेंचचा सराव कसा करता?

"घरात फ्रेंच बोलणारं कुणी नाही, फ्रान्सला तुम्ही गेला नाहीत, मग सराव करता तरी कुणाशी?" क्लासला नव्याने आलेले लोक मला हे हमखास विचारतात. बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेल्या मुलांचे पालकही विचारतात, कारण मुलाला क्रियापदांचे तक्ते पाठ असतात आणि दुकानात पाव मागायची वेळ आली की तोंडून शब्द फुटत नाही.

मी रोज पॅरिसमध्ये चालायला जाते, गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर, म्हणजे नकाशातल्या रस्त्यांच्या छायाचित्रांतून. आणि चालताना जे दिसेल ते मोठ्याने फ्रेंचमध्ये सांगते. मोठ्याने हे महत्त्वाचं. मनातल्या मनात सगळ्यांचंच फ्रेंच अस्खलित असतं.

बहुतेकजण आधी आयफेल टॉवरपाशी जातात. मी म्हणेन, तो सोडा. तिथे बघायला भरपूर आहे, पण ए1, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या माणसाला बोलायला फारसं नाही. त्यापेक्षा एक साधा बाजाराचा रस्ता धरा आणि पुन्हापुन्हा त्याच रस्त्यावर जा. माझा रस्ता र्‍यू मुफ्तार, पाचव्या आराँदिस्माँतला, म्हणजे आपल्या भाषेत पाचव्या प्रभागातला. वरच्या टोकाला काँत्रस्कार्प चौक, तिथून अरुंद उतार, आणि तळाशी सँ-मेदार चर्चजवळ बाजार. पॅरिसमध्ये घरांचे क्रमांक सेन नदीच्या हिशोबाने दिलेले आहेत : नदीला काटकोनात जाणारा रस्ता असेल तर नदीकडच्या टोकापासून क्रमांक सुरू, डावीकडे विषम, उजवीकडे सम. ही पद्धत 1805 पासूनची. त्यामुळे उतरताना आकडे वाढत जातात आणि ते म्हणत म्हणत खाली यायचं. फ्रेंचमधले सत्तरच्या पुढचे आकडे पुस्तकात जेवढे छळतात तेवढे दारावरच्या पाटीवर छळत नाहीत. 134 क्रमांकापाशी मी नेहमी थांबते. त्या घराचा दर्शनी भाग वरपर्यंत वेलबुट्टी आणि रानातल्या जनावरांच्या चित्रांनी भरलेला आहे. "आ गोश, इल या…" डावीकडे आहे… असं सुरू करून वरच्या मजल्यापर्यंत पोचायचं. वाक्यं अगदी छोटी, पण सगळी आपली स्वतःची.

भिंतीही वाचायच्या. पॅरिसमध्ये जुन्या भिंतींवर रंगवलेलं दिसतं : "देफाँस दाफिशे, ल्वा द्यू 29 जुइये 1881". इथे जाहिराती चिकटवू नयेत, 29 जुलै 1881 चा कायदा. हा त्यांचा वृत्तपत्रस्वातंत्र्याचा प्रसिद्ध कायदा. ती एक ओळ वाचली की महिना, तारीख आणि मनाई करण्याची रीत, तिन्ही गोष्टी लक्षात राहतात.

माणसांचे चेहरे तिथे धूसर केलेले असतात. म्हणून मी कपड्यांवर बोलते : "एल पोर्त अँ माँतो न्वार", तिने काळा कोट घातलाय. मग चीजच्या दुकानासमोर उभं राहून गिऱ्हाईक आणि दुकानदार, दोघांच्याही वाटचं बोलायचं. "ज व्हूद्रे द्यो साँ ग्राम द काँते, सिल व्हू प्ले." काँते चीज दोनशे ग्रॅम द्या. "से काँब्यँ?" केवढ्याला? डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेत ए1 पातळीच्या तोंडी परीक्षेचा शेवटचा भाग असाच, खरेदीसारख्या प्रसंगातल्या संवादाचा असतो.

थोडं पुढे गेलेल्यांसाठी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. फ्रान्समधली ही छायाचित्रं 2008 पासूनची आहेत, आणि 2014 पासून त्याच जागेची जुनी छायाचित्रंही उघडता येतात. कुठे पूर्वी बेकरी होती, आता बँक आहे. "आव्हाँ, इल याव्हे यून बूलांज्री. मँत्नाँ, इल या यून बाँक." भूतकाळाचं ते रूप व्याकरणात कितीही समजावून घ्या, दोन चित्रं शेजारी ठेवली की ते आपोआप तोंडात येतं.

संग्रहालयांचं थोडक्यात सांगते. लूव्रने 2021 मध्ये आपला संग्रह ऑनलाइन खुला केला, चार लाख ऐंशी हजारांहून जास्त वस्तूंच्या नोंदी आहेत. नवशिक्याने एक वस्तू निवडावी आणि तिच्या नोंदीतलं साहित्य, रंग, उंची एवढंच फ्रेंचमध्ये वाचावं.

पण मला सगळ्यात जवळची जागा म्हणजे लास्को. फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातली ही प्राचीन चित्रांची गुहा चार मुलांना 1940 मध्ये सापडली. पुढे एवढे लोक येऊ लागले की त्यांच्या श्वासाने आणि दमटपणाने भिंतींवर शेवाळ चढायला लागलं, आणि 1963 मध्ये ती लोकांसाठी बंद झाली. आता फ्रेंच माणसालाही प्रतिकृतीच बघावी लागते, नाहीतर तिथल्या संस्कृती मंत्रालयाने केलेली ऑनलाइन सफर. तिथे आपण कमी पडतोय असं वाटायचं कारणच नाही. सुरुवातीला साल दे तोरो, बैलांचं दालन. त्यातला एक बैल पाच मीटरहून लांब आहे. पुढच्या बोळात काळ्या डोक्याच्या लाल गायी, घोडे. "अँ तोरो न्वार. यून व्हाश रूज." नाम आधी आणि रंग मागून, बैलाला पुल्लिंगी रूप, गायीला स्त्रीलिंगी. पहिल्या महिन्यात शिकलेल्या शब्दांत, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी काढलेल्या चित्रांबद्दल खरं काहीतरी बोलता येतं, याचं मला आजही अप्रूप आहे.

यात ऐकणं नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. रस्ता मुका असतो. त्यासाठी टीव्ही5 माँद या फ्रेंच वाहिनीचे नवशिक्यांचे पाठ आणि आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या मी वेगळ्या ऐकते, आणि उच्चार क्लासच्या बाईंकडून तपासून घेते. चालायला जायच्या आधी नाही, नंतर. म्हणजे आपण नुकतंच जे बोललो त्यातला एखादा शब्द दुसऱ्याच्या तोंडून कानावर पडण्याची शक्यता असते.