बदामाचा राजा, बदामाचा गुलाम

मंगळवार, रात्र

ब्रिज क्लबातून परतताना गंगापूर रस्त्यावर आज इतका गारठा होता की भाऊजींनी स्कूटर तिथेच ठेवून रिक्षा केली, आणि त्या रिक्षात आम्ही दोघे अशोक स्तंभापर्यंत जवळजवळ मुक्याने बसलो होतो. एकोणिसाव्या डावाविषयी दोघांनाही बोलायचे होते, पण चूक माझी असल्यामुळे ते बोलत नव्हते आणि चूक नेमकी कोणती हे मला तोपर्यंत उमगले नसल्यामुळे मी बोलत नव्हते. आता जेवण उरकून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्ते मांडून, तो डाव पुन्हा एकदा वाटून पाहिल्यावर लिहायला बसले आहे.

माझ्याकडे इस्पिकची राणी व छक्की, बदामचे राजा, गुलाम, सत्ती व तिर्री, चौकटचे गुलाम, नव्वी व चव्वी आणि किलवरचे एक्का, राजा, अठ्ठी व पंजी अशी पाने होती. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ या नेहमीच्या मोजणीने १४ गुण झाले. माझे भिडू असलेल्या भाऊजींनी एक इस्पिक बोलून सुरुवात केली. मी दोन किलवर बोलले, आणि आमच्या पद्धतीत त्याचा अर्थ गेम, म्हणजे मोठा बोनस देणारी बोली, होईपर्यंत कोणी पास करायचा नाही असा आहे. ते दोन चौकट बोलले, मी दोन नो ट्रम्प, म्हणजे हुकमाविना, आणि त्यावर ते तीन चौकट बोलले. एवढ्यात त्यांनी आपली दहा पाने मला सांगून टाकली होती: पाच इस्पिक, पाच चौकट. उरलेल्या दोन रंगांत मिळून त्यांच्याकडे तीनच पाने होती. मी क्षणभर बदामच्या राजा-गुलामाकडे पाहिले, किलवरच्या एक्का-राजाकडे पाहिले, दोन्ही बाहेरचे रंग माझ्याकडे अडलेले आहेत असे मनाशी म्हटले आणि तीन नो ट्रम्प बोलून मोकळी झाले, म्हणजे आता तेरापैकी नऊ हात करायचे होते.

डावीकडून बदामची छक्की उतरली. भाऊजींनी पाने मांडली: इस्पिकचे एक्का, राजा, नव्वी, सत्ती, चव्वी, चौकटचे एक्का, राणी, दश्शी, अठ्ठी, तिर्री, बदामची एकुलती पंजी, किलवरची सत्ती आणि दुर्री. उजवीकडून अठ्ठी पडली आणि माझ्या गुलामाने हात घेतला. इथपर्यंत सगळे छान होते. बदामचा एक, किलवरचे दोन, इस्पिकचे तीन आणि चौकटचा एक्का असे सात हात वर दिसत होते, आणि उरलेले दोन एकतर इस्पिक तीन-तीन फुटल्यास किंवा चौकटचा राजा डावीकडे असल्यास मिळणार होते. मी आधी इस्पिकची राणी, एक्का आणि राजा वाजवून घेतले. तिसऱ्या फेरीला डावीकडून किलवर पडले, म्हणजे उजवीकडे चार इस्पिक होते आणि त्यांचा गुलाम आता मोठा झाला होता. किलवरच्या एक्क्याने हातात येऊन चौकटचा गुलाम लावला, आणि तो उजवीकडच्या राजाने उचलला. त्यानंतर इस्पिकचा गुलाम, मग बदामची नव्वी माझ्या राजाच्या अंगावरून, आणि डावीकडच्या बाईंनी एक्का, राणी, दश्शी, दुर्री असे चार बदाम शांतपणे मोजून घेतले. दोन हात कमी पडले आणि उणे १०० लिहिले गेले. इस्पिक न वाजवता थेट चौकट खेळले असते तर एकच हात कमी पडला असता, पण ती बारीकसारीक गोष्ट झाली.

भाऊजींनी पाने पाकिटात भरताना एवढेच विचारले, “वहिनी, इस्पिकची राणी तुमच्याकडे होती ना?”

हा प्रश्न मी आधी नीट ऐकलाच नाही. मला वाटले, ते इस्पिक आधी वाजवल्याबद्दल बोलत आहेत. त्यांचा रोख बोलीवर होता हे घरी आल्यावर, पत्ते समोर मांडल्यावर लक्षात आले.

चार इस्पिकमध्ये, म्हणजे इस्पिक हुकूम धरून दहा हात करताना, काय झाले असते? जाणारे हात मोजू. बदामचा एक हात एक्क्याला जातो. किलवरची दोन्ही पाने माझ्या एक्का-राजाखाली झाकली जातात. चौकटचा फिनेस (राजा डावीकडे आहे असे धरून एक्का-राणी राखून खेळणे) फसला तरी एकच हात जातो. इस्पिक चार-दोन फुटले, जसे ते आज फुटले होते, तरी राणी, एक्का, राजा निघाल्यावर शत्रूकडे एकच हुकूम उरतो. तीन हात गेले, दहा आले. म्हणजे दोन्ही गोष्टी माझ्या विरुद्ध गेल्या असतानाही चार इस्पिक बनतात, आणि तीन नो ट्रम्पला मात्र त्या दोहोंपैकी किमान एक अनुकूल लागते. हातात नसलेली सहा पाने तीन-तीन फुटण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के आणि चार-दोन फुटण्याची सुमारे ४८ टक्के असते. बदामच्या उतारीनंतर नो ट्रम्पचे गणित ३६ टक्के अधिक उरलेल्या ६४ चे अर्धे, म्हणजे ६८ च्या आसपास येते. चार इस्पिकचे ३६ अधिक ४८, म्हणजे ८४ च्या आसपास. चौकट चार-एक फुटण्यासारखे अपघात दोन्हीकडे थोडे थोडे वजा करावे लागतील, पण अंतर मोठे आहे. माझी बोली मूर्खपणाची नव्हती, एवढे समाधान या आकड्यांतून मिळते. ती कमी प्रतीची होती, हेही मिळते.

कारण शोधताना मी माझ्या चौदा गुणांकडे पुन्हा पाहिले. किलवरचे सात गुण कुठेही सात गुणच आहेत, कारण एक्का आणि राजा ताबडतोब हात घेतात. इस्पिकची राणी भाऊजींच्या एक्का-राजाला जोडून त्यांचा तुटका रंग सांधते. तिचे दोन गुण मोजणीत दिसतात त्याहून खूप मोठे आहेत. चौकटच्या गुलाम-नव्वीचेही तसेच. बदामचे राजा-गुलाम मात्र भिडूच्या एकुलत्या पंजीसमोर बसलेले होते. हुकमाच्या डावात त्यांची गरज नव्हती, कारण भाऊजी बदामची दुसरी फेरी स्वतःच मारणार होते. आणि नो ट्रम्पमध्ये त्यांची गरज होती तेव्हा ते एकदाच उपयोगी पडले. उतारी माझ्या हाताकडे येत होती म्हणून गुलाम निघाला, पण उजवीकडून दुसऱ्यांदा बदाम आला तेव्हा राजा उघडा पडला. ज्या चार गुणांच्या भरवशावर मी नो ट्रम्प बोलले, तेच चार गुण या डावात सर्वांत दुबळे होते. बदामचे राजा, राणी, दश्शी असते तर गोष्ट वेगळी. तेव्हा शत्रूला बदाम मोकळा करायला वेळ लागला असता आणि त्या वेळात मी चौकट उभा केला असता. दोन रंगांच्या भिडूसमोर नो ट्रम्प बोलायचे तर त्याच्या तोकड्या रंगांत असे दोनदा अडवणारे स्टॉपर, म्हणजे शत्रूचा रंग रोखणारी पाने, हवेत, नाहीतर त्याच्या लांब रंगांतले हात एकदाही पत्ता न सोडता काढता यायला हवेत. माझ्याकडे यांपैकी काहीही नव्हते, आणि चौकटचा राजा बाहेर असू शकतो हे मला बोलीच्या वेळी दिसायला हवे होते, कारण माझ्याकडे फक्त गुलाम होता आणि भाऊजींकडे तेरा-चौदाच गुण असणार असे दिसत होते.

तरीही इस्पिक का सुचले नाहीत? कारण लहानपणी वडिलांकडून शिकलेला नियम डोक्यात पक्का बसला आहे: दोघांची मिळून आठ पाने असतील तर तो हुकूम, सात असतील तर सोडून द्या. पाच-दोनचा मेळ मला नेहमी तडजोडीचा वाटत आला. पण दोन पानांत राणी असेल आणि समोर एक्का-राजासकट पाच पाने असतील, तर तो सात पानांचा मेळ बऱ्याच आठ पानांच्या मेळांपेक्षा भक्कम असतो, आणि आखूड बाजूला मारायचे काही नसले तरी लांब बाजूचा हुकूम बदामची धाड रोखून धरतो. आज आम्हाला नेमके तेवढेच हवे होते.

चौकट हा आमचा खरा आठ पानांचा मेळ होता, आणि पाच चौकटही बनत होते: बदामचा एक, चौकटचा एक, बाकी अकरा. पण १९२५ साली व्हँडरबिल्ट यांनी जी गुणपद्धती बसवली तिच्या मुळाशी असलेला भेद इथे आडवा येतो. चौकट-किलवरला हातामागे २० आणि इस्पिक-बदामला ३०, त्यामुळे अकरा हातांच्या पाच चौकटला ४०० आणि दहा हातांच्या चार इस्पिकला ४२०. आज सात टेबले होती. चार जोड्यांनी चार इस्पिक केले, एकाने पाच चौकट, आणखी एकाने तीन नो ट्रम्प बोलून एक हात गमावला, आणि शेवटी आम्ही. जोड्यांच्या स्पर्धेत ४२० वाल्यांना १२ पैकी ९ मॅचपॉइंट (इतर टेबलांशी तुलनेतून मिळणारे गुण) मिळाले, ४०० वाल्यांना ४, आम्हाला शून्य. अवघ्या २० गुणांसाठी पाच मॅचपॉइंट गेलेली ती जोडी आमच्यापेक्षा जास्त हळहळत होती, आणि त्यांचे बरोबरच होते, कारण त्यांनी अकरा हात कष्टाने काढले होते. हाच डाव संघांच्या सामन्यात आला असता तर त्या २० गुणांना एक आयएमपी (संघांच्या सामन्यात फरकावरून मिळणारा गुण) एवढीच किंमत असती आणि पाच चौकटला कोणी नाव ठेवले नसते. आमच्या उणे १०० ने मात्र तिथेही ११ आयएमपी घालवले असते. म्हणजे आज खेळायचा प्रकार कोणता, हेही बोलण्याआधी स्वतःला विचारायला हवे होते.

गेल्या पावसाळ्यातला एक डाव या निमित्ताने आठवला. प्रतिस्पर्ध्यांनी एक बदाम बोलल्यावर भाऊजींनी दोन नो ट्रम्प बोलून किलवर आणि चौकट असे दोन्ही रंग दाखवले होते, अल रॉथ यांनी १९४८ साली रूढ केलेल्या त्या बोलीने. तेव्हाही माझ्याकडे बदामचे एक्का-राणी होते आणि तेव्हाही मी तीन नो ट्रम्पच बोलले होते. भाऊजींच्या लांबलचक किलवर-चौकटच्या रांगा समोर पसरून पडल्या आणि तिथे पोचायला एकही पान उरले नाही. त्या डावात भिडूचे बळ गुणांत नव्हतेच, लांबीत होते, आणि लांबी हुकमाशिवाय चालत नाही. एकाच खोडीने दोनदा बुडाले, हे आज पहिल्यांदा कळले.

टेबलावरचे पत्ते पाहून ह्यांनी विचारले, “अजून किती वेळ चालणार?” मी म्हटले, “बदामचा राजा किलवरमध्ये टाकून पाहते आहे.” ह्यांना त्यातले काही कळत नाही, आणि धाकट्या भावाला कळते याचे त्यांना थोडे कौतुकही आहे. स्वेटर अंगावर टाकून ते झोपायला गेले.

बुधवार, सकाळ

भाऊजींचा फोन आठ वाजता आला. नोटांच्या छापखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली तरी त्यांची सकाळ शिफ्टच्या वेळेनेच उगवते.

“वहिनी, रात्रभर विचार केला. तीन नो ट्रम्पवर मीच चार इस्पिक बोलायला हवे होते. बदामची एकच पंजी होती माझ्याकडे.”

“नाही हो भाऊजी. तुम्ही पाच आणि पाच सांगून झालात. तुमचे बदाम-किलवर तोकडे आहेत हे मला कळलेच होते. माझी राणी मात्र तुम्हाला माहीत नव्हती. निवड माझी होती.”

यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तीन चौकटवर तुम्ही तीन इस्पिक बोलला असता तर?”

“तर तुम्ही काय समजला असता?”

“दोन पाने, त्यांत एक मोठे. आणि मी चार बोललो असतो.”

आमच्या बोलींची जी निळी वही आहे तिच्या मागच्या पानावर मी लगेच लिहून ठेवले: तीन चौकटनंतर तीन इस्पिक म्हणजे दोन पाने, राणी किंवा त्याहून मोठे. चौथ्या रंगाची, म्हणजे बदामची, बोली अजून रिकामी आहे, तिला अर्थ ठरलेला नाही. ती चौकटच्या मेळासाठी वापरायची की किलवरच्या एक्क्यासाठी, हे पुढच्या मंगळवारी रिक्षात ठरवू.