काजूवरच्या फुलकिड्यांची पिल्लं: लाल पट्टा आणि शेपटीवरचा थेंब

१२ जानेवारी
परसातल्या काजूची जून पानं खालच्या बाजूने रुपेरी-तपकिरी पडली आहेत आणि त्यावर काळे ठिपके वाळलेत. दहापट भिंगातून मधल्या शिरेलगत फुलकिड्यांची (थ्रिप्स, पानाचा रस शोषणारे बारीक कीटक) पंधरावीस पिल्लं दाटीवाटीने बसलेली दिसली. अंग पिवळसर, पोटाच्या सुरुवातीला लालभडक पट्टा, टोकालाही लाली. पंखांचे कोंब कुठेच नाहीत, म्हणजे अजून कोषाकडे वळलेली नाहीत. सेलेनोथ्रिप्स रुब्रोसिंक्टस, म्हणजे लाल पट्ट्याचा फुलकिडा असावा असं वाटतंय. काजू-आंब्यावर तो येतोच.

१३ जानेवारी
पाच पिल्लं ओल्या ब्रशने उचलून सरळ ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकली. फोटो आधी काढायला हवा होता.

१७ जानेवारी
कुपीतल्या पिल्लांचा लाल पट्टा पार फिका पडलाय. नमुना तोच, पण ओळखीची सगळ्यात ठळक खूण गेली. आता क्रम ठरवला: आधी पानावरच फोटो, मग पाच मिनिटं नुसतं बघायचं, कुपी त्यानंतर.

ती पाच मिनिटं फार कामाची ठरली. पिल्लू चालतं तेव्हा शेपटी वर उचलून धरतं आणि टोकावरच्या केसांत लालसर द्रवाचा थेंब तोलत असतं. थेंब फुगला की पानावर टेकवतं. तोच वाळून काळा ठिपका होतो. पानावरचे ठिपके कुठून आले ते डोळ्यांसमोर घडताना पाहिलं. थेंब मिरवणारी पिल्लं पान खाणाऱ्या ठरावीक फुलकिड्यांतच दिसतात, त्यामुळे मी आता रंगाआधी शेपटी बघतो.

नुसत्या पट्ट्यावर विसंबू नका, हे कळकळीने सांगतो. फ्रँकलिनोथ्रिप्सच्या पिल्लांनाही पोटावर लाल पट्टा असतो आणि ती शिकारी असतात, बाकीच्या फुलकिड्यांना खातात. ती पोटाशी रुंद असतात आणि भराभर पळतात. अशी मित्रकीड शत्रू समजून मारली गेली तर वाईट.

१९ जानेवारी
तुलनेला कुंडीतल्या मिरचीचा आकसलेला शेंडा उलगडला. आत फिकट पिवळी, बारीक पिल्लं; पट्टा नाही, थेंब नाही. मिरचीवर सहसा स्किर्टोथ्रिप्स डॉर्सालिस असतो, पण तेवढ्यावर नाव लावत नाही. काचपट्टीवर घेतलं तर पाठीवरचे काही केस टोकाशी नरसाळ्यासारखे उघडलेले दिसले. साध्या भिंगातून हे कधीच कळलं नसतं. केसाचं टोक अणकुचीदार, बोथट की फुगीर, यावर पिल्लांची ओळख बरीच अवलंबून असते. अंड्यातून नुकतंच आलेलं पिल्लू मात्र यासाठी घेऊ नका. दुसऱ्या अवस्थेतलं, म्हणजे एकदा कात टाकलेलं घ्या.

नवीन मंडळींसाठी: तुडतुड्याचं पिल्लू तिरकं पळतं, पानावरच्या सूक्ष्म कोळ्याच्या (माइट) प्रौढाला आठ पाय असतात. फुलकिड्याला सहा, अंग लांबट सुईसारखं.

२० जानेवारी
काजूचं एक पान देठ पाण्यात ठेवून डबीत लावलं. कोषाआधीची आणि कोषाची अवस्था दोन्ही पानावरच सापडल्या, पिल्लांच्या घोळक्यातच. पंखांचे कोंब दिसतात. पहिलीत मिशा पुढे असतात, दुसरीत डोक्यावरून मागे दुमडलेल्या. कांद्यावरच्या थ्रिप्स टॅबासीचे कोष बहुधा मातीत जातात, त्यामुळे पानावर कोष सापडणं हीसुद्धा एक खूणच धरली.

२६ जानेवारी
डबीत पहिला प्रौढ निघाला. काळपट तपकिरी, पंख गडद, पोटाच्या सुरुवातीला आतून झिरपणारी लाली. पिल्लाच्या पट्ट्याची जागा तीच. आता वहीत नावापुढचं प्रश्नचिन्ह खोडलं. कुपीतले नमुने ६० टक्के अल्कोहोल दहा भाग, ग्लिसरीन एक भाग, ॲसेटिक ॲसिड एक भाग अशा मिश्रणात घ्यायला सुरुवात केली आहे. त्यात पिल्लं कडक होत नाहीत आणि पाय पसरून ठेवता येतात.

पुढच्या आठवड्यात कुंपणाकडच्या बदामाची पानं उलटून बघायची आहेत. तिथेही तसेच काळे ठिपके दिसतायत.