तुमचां बरां आसा

आज पासबुक भरून घेतलं. पेन्शनवरच्या महागाई भत्त्याचा फरक जमा झालाय. चतुर्थीच्या आधी आला म्हणून जीव हलका झाला होता, तेवढ्यात मागे रांगेत उभा असलेला आमच्या वाडीतला मास्तर म्हणाला, "काकी, तुमचां बरां आसा. दर सहा म्हयन्यांनी वाडतांच."

दुपारपासून तेच डोक्यात आहे. रागानं बोलला असता तर उत्तर तरी दिलं असतं.

काय बरं आहे? मूळ पेन्शन सातव्या वेतन आयोगानं ठरवली तिथेच आहे. वाढतो तो भत्ता, जानेवारीपासून आणि जुलैपासून. तोही बाजारात जे आधीच महाग होऊन गेलं त्याच्यासाठी. पेन्शनचा काही हिस्सा मी एकरकमी पैसे घेऊन विकला, तो पंधरा वर्षांनी सुटणार, त्याला अजून अवकाश आहे. ते पैसे घराच्या कौलांना गेले, आणि ह्यांच्या... असो.

नोकरीत असताना आचऱ्याच्या खाडीपलीकडे भर पावसात होडीतून लसींचा डबा मांडीवर घेऊन जायचे. वरच्या वाडीत बाळंतपण असलं की रात्री कंदील घेऊन कातळाचा सडा चढायचा. ते आता कुणाला दिसणार? पासबुकातला आकडा दिसतो. 17 डिसेंबर 1982 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या नोकरीचा हक्क आहे. त्या तारखेला पेन्शनर दिन असतो. आणि तरी बँकेच्या रांगेत मान खाली जाते. का जावी?

रात्री भांडी आवरताना मास्तरचा चेहरा आठवला. तो 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेला, म्हणजे आमच्यासारखी जुनी पेन्शन त्याला लागू नाही. त्याच्या पगारातून दर महिन्याला दहा टक्के कापून जातात आणि ते बाजारात गुंतवले जातात. जुनी पेन्शन परत द्या म्हणून मार्च 2023 च्या संपात तोही बसला होता. 'बरां आसा' म्हणताना त्याला स्वतःचं म्हातारपण दिसत असणार. माझ्या फरकाकडे त्यानं बघायचं नाही तर कुणी बघायचं?

तरी लागायचं ते लागलंच. मुंबईहून फोन आला तेव्हा यातलं काही बोलले नाही.

मास्तर गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीचं सामान द्यायला येईल तेव्हा त्याला बसवून घेणार आहे. त्याच्या कपातीचा हिशेब त्यानं शेवटचा कधी तपासला, ते विचारायचंय. आमच्या वेळचे कागद मी जपून ठेवलेत, तेही दाखवीन.