नाव नको, पहिली ओळ वाचा

गो, म्हणजे पटावरच्या रेघांवर काळे-पांढरे खडे मांडायचा खेळ, तो खेळणारी मंडळी मला डावांच्या फायली पाठवतात. नावं काय, तर ‘नवा डाव’, ‘फायनल’, ‘फायनल २’. मी ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते, म्हणूनही असेल, पण नुसत्या नावावर माझा भरवसा बसत नाही. हे डाव ज्यात साठवतात ती एसजीएफ फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. मी ती आधी नोटपॅडमध्ये उघडते.

जीएम या खुणेपुढच्या कंसात खेळ कोणता ते असतं: १ म्हणजे गो, २ ऑथेलो, ३ बुद्धिबळ, ६ बॅकगॅमन. एसझेड म्हणजे पट केवढा. एपीमध्ये कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीने फाइल लिहिली ते असतं. एफएफ मात्र वेगळी. ती लिहिण्याच्या पद्धतीची आवृत्ती, आणि सध्याची चौथी १९९७ची आहे. या दोन्हींची गल्लत फार होते. तुम्ही अॅप अपडेट केलंत म्हणून जुन्या फाइलमधला ३चा ४ होत नाही.

त्याने फरक काय पडतो? ‘पास’चंच घ्या, म्हणजे खडा न ठेवता पाळी सोडणं. प्रत्येक चाल दोन अक्षरांत लिहितात. पी-डी म्हणजे डावीकडून सोळावी आणि वरून चौथी रेघ. एकोणीस रेघांना ए ते एस पुरतात, म्हणून तिसऱ्या आवृत्तीत पास लिहायचा तर टी-टी, म्हणजे पटाबाहेरचा बिंदू. चौथ्या आवृत्तीत त्यासाठी रिकामा कंस आला. पट एकोणीसहून मोठा असेल तर तिथे टी-टी ही खरीखुरी चाल असते! वाचणाऱ्या प्रोग्रॅमने एफएफ आणि एसझेड आधी बघितलेच पाहिजेत.

सीए ही माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची खूण. तिथे अक्षरांचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं संगणकात कोणत्या पद्धतीने साठवली ते, लिहितात. ती नसेल तर लॅटिन-१ धरतात, म्हणून जुन्या जपानी-चिनी फायलींत खेळाडूंच्या नावांऐवजी विचित्र चिन्हं दिसतात. नावं गेलेली नसतात, योग्य एन्कोडिंग निवडलं की दिसू लागतात. भाच्यासाठी मी चालींखाली मराठीत टिपा लिहिते, त्या फायलींत सीएपुढे यूटीएफ-८ असतंच. तुम्हीही मराठीत लिहीत असाल तर कृपा करून हे तपासा.

आणि केएममध्ये, म्हणजे पांढरा दुसरा खेळतो म्हणून त्याला मिळणाऱ्या भरपाईच्या गुणांच्या, कोमीच्या, जागी, ३७५ दिसलं तर फाइल टाकून देऊ नका. काही चिनी फायलींत ते ३.७५ खडे असतात, म्हणजे आपले नेहमीचे साडेसात गुण.