साडेबाराशे फूट राहिले

घरी आल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न: "समिट झालं का?" नाही झालं. उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर साधारण 12,500 फूट, आमचा शेवटचा कॅम्प सव्वाअकरा हजारांच्या आसपास. पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाईला या उरलेल्या चढाच्या दुपटीहून जास्त चढ आहे, आणि तो मी नवरात्रात नऊवारीतल्या बायकांच्या मागे धापा टाकत चढलेय. म्हणून तर लोकांना पटत नाही.

ट्रेक सुरू होतो त्या सांक्री गावात पोचलो तेव्हाच वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणारं वादळी हवामान) येतोय, ऑरेंज अलर्ट आहे, हे कळलं होतं. मैत्रीण आणि मी हॉटेलच्या बिलामागे लिहून ठेवलं: ताजा बर्फ गुडघ्याच्या वर गेला, कड्यावर वारा सुटला किंवा दोघींपैकी एकीचंही डोकं दुखायला लागलं, तर वर जायचं नाही. खाली गावात असतानाच लिहिलं ते बरं झालं. वर गेल्यावर माणूस डोक्याने कमी आणि भरलेल्या पैशांनी जास्त विचार करतो. आठ दिवसांची रजा, डेहराडूनहून दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी, खास घेतलेलं जॅकेट.

दुपारी बर्फ सुरू झाला. गाईडदादांना विचारलं की ते म्हणायचे, "सुबह देखेंगे, दीदी." सुबह म्हणजे रात्रीचे अडीच. स्लीपिंग बॅगेत कुशीत घेतलेल्या बाटलीतलं पाणी तेवढं पाणी होतं, बाहेरच्या बाटलीचा दगड झालेला. दादांनी काठी बर्फात रोवली. माझ्या मांडीपर्यंत. वर धारेवरून बर्फाचा धुरळा उडत होता, तो हेडलॅम्पच्या उजेडातही दिसत होता.

बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायाला बांधतात त्या गेटरचा पट्टा लावायला एक हातमोजा काढला. दोन मिनिटांत बोटं माझी राहिली नाहीत. उणे दहाला ताशी चाळीसचा वारा लागला की अंगाला उणे वीसच्याही खाली वाटतं, हे वाचलं होतं. पण मला थंडीपेक्षा भीती वाटत होती ती त्या शेवटच्या उभ्या चढाची. वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो, खालच्या जुन्या कडक थराशी तो नीट जुळत नाही आणि तीस-पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अख्खी लादी सुटू शकते. पाय त्यावर आपलाच पडायचा.

"तीनपैकी दोन झाल्या," मी म्हटलं.

"डोकं तर नाही ना दुखत?" मैत्रीण म्हणाली.

"'किंवा' लिहिलंय. आणि नाही."

ती रागाने आडवी झाली. शेजारच्या तंबूतले आठजण निघाले. अकराला परतले, सगळे धडधाकट. चौघे माथ्यावर पोचले होते. माथ्यावरून दिसणारं स्वर्गारोहिणी शिखर? काही दिसलं नाही म्हणे, पांढरं सगळं. मला बरं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

मैत्रीण परतीच्या वाटेत पुरोल्यापर्यंत बोलली नाही. तिथे टपरीवर मात्र न विचारता दोन चहा सांगितले तिने.