बेडकाचा शिक्का, भावाची हमी आणि मधल्यामध्ये जंगल

कॉफीच्या पाकिटावर हिरवा बेडूक दिसला की आपण धरून चालतो, शेतकऱ्याचंही भलं झालं आणि जंगलाचंही. तसं नाहीये हो. बेडूक म्हणजे रेनफॉरेस्ट अलायन्स, ते बघतात जंगल तोडलं का, फवारणी कसली केली, मजुरांना कसं वागवलं वगैरे. किमान भाव मात्र बांधून देत नाहीत. प्रमाणपत्राचे थोडे जास्तीचे पैसे खरेदीदाराला द्यावे लागतात, पण किती ते आपसात ठरवायचं, म्हणजे कोणाचं चालणार हे सांगायला नको.

भावाची हमी फेअरट्रेड या दुसऱ्या शिक्क्याकडे. ऑगस्ट २०२३ पासून धुतलेल्या (पाण्याने गर काढलेल्या) अरेबिका जातीच्या कॉफीला पाउंडाला (साधारण अर्धा किलो) किमान १.८० डॉलर, वर २० सेंट प्रीमियम, म्हणजे सोसायटीला मिळणारे जास्तीचे पैसे, ऑरगॅनिक असेल तर अजून ४० सेंट, आणि बाजार चढा असला तर बाजारभाव.

आता जंगलाला लागून दोन-तीन एकर कॉफी असलेला माणूस घ्या. मोठी झाडं काढून ऊन आत घेतलं की उत्पन्न वाढतं, निदान पहिली काही वर्षं तरी (खताचा खर्चही वाढतो, ते वेगळंच). झाडं ठेवली तर दर हंगामाला थोडी कॉफी सोडून द्यायची, आणि हा तोटा त्याच्या एकट्याचा. प्रीमियम मात्र जातो सोसायटीच्या खात्यात, तिथे सभेत ठरतं की वाळवणाचं खळं बांधायचं का शाळेवर पत्रे टाकायचे. वाईट काहीच नाही त्यात, पण ज्याने सावलीची झाडं साफ केली त्यालाही खळं तेच! माझ्या मते खरी गोम इथे आहे.

झाडं मोजणारं प्रमाणपत्र आहे की, अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचं बर्ड फ्रेंडली. ऑरगॅनिक सक्तीचं, सावली किमान ४० टक्के, झाडांच्या निदान १० जाती. पण तिथेही भावाचा तळ नाही. बरं प्रत्येक शिक्क्याचा इन्स्पेक्टर वेगळा, फी वेगळी, रजिस्टर वेगळं, शेत मात्र तेच.

नुसता भाव वाढवूनही भागत नाही. भाव पडला की कॉफी उपटून मका नाहीतर गुरांना कुरण, आणि भाव चढला (फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफी पाउंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती) की बांध जंगलात सरकतो. म्हणून तळाचा भाव फेअरट्रेडसारखा, झाडांची मोजणी बर्ड फ्रेंडलीसारखी, तपासणी एकच, आणि प्रीमियममधला काही भाग थेट ज्याच्या त्याच्या प्लॉटवरच्या सावलीप्रमाणे, असं जोडलं पाहिजे. युरोपच्या नव्या कायद्यामुळे ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीतली कॉफी तिकडे विकता येणार नाही, त्यासाठी प्लॉटचं लोकेशन द्यावंच लागणार, मग तोच नकाशा पैसे वाटायला का नको?

अडचण एकच मोठी आहे, प्रमाणित माल बराचसा साध्या भावातच विकला जातो कारण हमीभावाने घेणारं गिऱ्हाईक पुरेसं नसतं. तेव्हा मोठ्या कंपन्यांना विचारायला हवं, वर्षभरात यातली किती पोती पूर्ण हमीभावाने घेणार ते आधी लिहून द्या.