ट्यूडर शाई, चौथा घाणा: खलनायक निघाला लाडवाचा डिंक

ट्यूडरकालीन, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडची शाई घरी करतोय; चौथ्या घाण्याची अखेर तार न ओढता लेखणीतून उतरली. आधीच्या तिन्ही घाण्यांत रडगाणं एकच होतं. बाटलीत रंग झकास, पण पीस बुडवून उचललं की मधासारखा धागा लोंबायचा आणि सेक्रेटरी हँडमधला (त्या काळचं इंग्रजी वळणदार हस्ताक्षर) एच ओळीखाली उतरवताना शेपटीच्या मध्यावर हमखास गोळा पडायचा. वर दोन दिवसांत तळाशी काळा गाळ. मागच्या नोंदीत याचं खापर मायफळावर (ओकच्या फांदीवर किड्यामुळे येणारी तुरट गाठ, जायफळ नव्हे) फोडलं होतं, ते मागे घेतो.

कृती तीच, 1571 साली लंडनमध्ये छापलेल्या बोशेन आणि बेल्डन यांच्या कित्त्याच्या पुस्तकातली: एक क्वार्ट (जवळपास लिटरभर) वाइनला पाच औंस मायफळ, तीन औंस हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट), दोन औंस डिंक. 100 मिलिलिटरला हे अनुक्रमे 15, 9 आणि 6 ग्रॅम पडतं. वाइन नसेल तर पावसाचं पाणी उत्तम, असं त्याच कृतीत आहे आणि ते ऐकावं. वाइनमधल्या अल्कोहोलने शाई आपल्याकडच्या कागदावर जास्त फुटते. बोअरचं पाणी मात्र चुकूनही नको. त्याच्या क्षारांमुळे हिराकस पडल्यापडल्या पाणी गंजकट गढूळ होतं. डिस्टिल्ड वॉटर चालतं.

आता डिंक. किराणा दुकानात नुसता ‘डिंक’ मागितला की बहुतेक वेळा हातात पडतो तो धावड्याचा, म्हणजे डिंकाच्या लाडवांचा. तुपात तो सुरेख फुलतो, पण पाण्यात पूर्ण विरघळत नाही. त्याचा काही भाग फुगून जेलीसारखा राहतो. कृतीला हवा तो अकेशियाचा डिंक, आपल्या भाषेत बाभळीचा किंवा खैराचा. शाईत डिंकाची कामं दोन: प्रवाह जाड करणं आणि काळे कण तरंगत ठेवणं. धावड्याचा डिंक जेलीच्या गोळ्यांत अडकून बसतो, म्हणून लेखणीला तार येते. उरलेल्या पातळ पाण्यात कणांना आधार नसतो, म्हणून गाळ बसतो. तक्रारी दोन, मूळ एक. त्यात हवेने तयार झालेलं फेरिक (गंजलेल्या रूपातलं) लोह त्या गोळ्यांना आणखी घट्ट बांधतं, त्यामुळे बाटली जितकी जुनी तितकी तार लांब.

परीक्षा सोपी आहे. 5 ग्रॅम डिंक 25 मिलिलिटर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी सगळं एकजीव, काकवीसारखं झालं असेल तर बाभळीचा. भिजल्या साबुदाण्यासारखे डोळे दिसले की तो लाडवांकडे परत. काष्ठौषधीच्या दुकानातून खडेच घ्या, पूड नको. पुडीत काय दळलंय ते कळायला मार्ग नाही. ‘गम अरेबिक’ असं लेबल लावलेली कलासाहित्याची बाटली चालते, पण त्या किमतीत पाव किलो खडे येतात.

बाकी क्रम असा. मायफळ जाडसर कुटायचं (बारीक पूड केली तर गाळताना रडाल), तीन दिवस भिजवायचं, मलमलीतून आणि मग कॉफी फिल्टरमधून गाळायचं. त्यात आधी पूर्ण विरघळलेला डिंक, शेवटी हिराकस. हिराकस फिकट हिरवी हवी. पिवळट-तांबूस भुकटी धरलेली असेल तर ती आधीच गंजली, तिने गाळ वाढतो. आणि हिराकशीच्या ‘कॉपरस’ या जुन्या इंग्रजी नावाला भुलून कुणी निळं मोरचूद आणू नये. नाव काहीही असो, हिराकशीत तांबं नाही. बुरशी येऊ नये म्हणून दोन लवंगा.

मायफळाला दोष दिला तो अन्यायच होता. ट्यूडर इंग्लंडात लेव्हांटहून (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याहून) जायचं ते अलेप्पोचं मायफळ आणि आपल्या बाळगुटीतलं मायफळ एकाच जातीच्या ओकवरचं. हिरड्याचा घाणा मात्र तपकिरीकडे झुकला, तो बाजूला ठेवलाय.

लिहिताना शाई राखाडी दिसते, काही तासांत काळी होते. घाबरून जास्त हिराकस टाकू नका. मुळात मायफळ आणि हिराकस यांच्या 5:3 या प्रमाणातच लोह जास्त आहे. टॅनिनशी (मायफळातल्या तुरट द्रव्याशी) न जुळलेलं लोह आणि आम्ल मिळून कागद खातात. त्या काळच्या कित्येक कागदांवर अक्षरांच्या जागी तपकिरी भोकं आहेत ती याचमुळे. अठराव्या शतकात विल्यम ल्यूइस या इंग्रज रसायनतज्ज्ञाने प्रयोगांती 3:1 हे प्रमाण टिकाऊ ठरवलं. हे लिहितालिहिता ठरलं: पाचवा घाणा वाइनवर करायचा होता, तो रद्द. त्याऐवजी 15 ग्रॅम मायफळाला 5 ग्रॅम हिराकस, आणि दोन्ही शाया एकाच पानावर शेजारीशेजारी.

पान कसलं? 1529 च्या कायद्याने मृताच्या मालमत्तेची यादी सक्तीची केली, त्या याद्यांचा नमुना सरावाला सर्वांत चांगला. पितळी भांडी, चादरी, मेंढ्या, आणि किमती रोमन अंकांत, शेवटच्या आयला जेची शेपटी. गोळा पडतो की नाही ते त्या शेपटीतच कळतं. बोरूने मोडी छान येते, पण सेक्रेटरीच्या केसाएवढ्या रेषांना तो जाड पडतो. हंसाचं पीस रात्रभर भिजवून तापलेल्या वाळूत काही सेकंद खुपसा. दुधी रंग जाऊन ते काचेसारखं झालं की बाहेर. जास्त तापलं तर चिरताना फाटतं. ही शाई स्टीलचं निब खाते, आणि फाउंटन पेनात तर ती नकोच.

कागद हा पुढचा अडथळा. त्या काळचा कागद चिंध्यांचा, जिलेटिनमध्ये बुडवलेला. आपला हातकागद बहुधा कोरा शोषक, त्यावर शाई फुटते. 100 मिलिलिटर कोमट पाण्यात 2 ग्रॅम जिलेटिन, एक बुडी, दोरीवर वाळवण. ज्यांना जिलेटिन नको त्यांनी जुन्या जुन्नरी कागदासारखी खळ लावून घोटून पाहावं. शंखाने की अकीकाने घोटायचं, हे दोन्ही करून पाहिल्यावर लिहितो.